गाऱ्हाण्यात घातलेला नेम

मनालीला मुलगी झाली ते वर्ष दोन हजार चोवीस. बारसं माघात झालं. घर सावंतवाडीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी, आणि मुलीचा बाप आणि आजा दोघेही दुबईत, सोनापूरच्या कामगार कॅम्पात. मेसमध्ये पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला होता. तिकडे आत्याने बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्र' केलं, आणि इकडे मेसमधल्या झाडून सगळ्या माणसांनी, मालवणी, तेलुगू, बिहारी, नेपाळी, सगळ्यांनी एका दमात 'कुर्र' केलं. बाळ दचकलं आणि भोकाड पसरून रडायला लागलं.

बाळाची आजी तानुबाई फोनमध्ये तोंड घालून ओरडली, "अवो, पोर भियाला मां! तुमची ती फौज गप करा आदी!"

"फौज न्हय गे, सभा आसा ती माजी," बाळाचा आजा महादू म्हणाला, आणि सगळी मेस हसली.

मुलीचं नाव संजना ठेवलं. तिचा बाप नीलेश फोनच्या इतका जवळ बसला होता, की तिकडे त्याचं नुसतं नाकच दिसत असणार. नीलेश हा महादूच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा, आणि आपली मुलगी मनाली त्याला दिल्यापासून जावईही. तो महादूला मामाच म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी महादूनेच त्याला इकडे आणला होता; मधे एकदाच तो सुटीवर घरी जाऊन आला होता.

महादू घाडी हा गावच्या घाड्यांपैकी. घाड्यांचं काम देवळात गाऱ्हाणं घालायचं. गावाने जत्रा करो, शिमगा करो, नांगर धरो, घाडी देवासमोर उभा राहतो आणि गावाच्या वतीने खड्या आवाजात देवाशी बोलतो: रोगराई वेशीबाहेर ठेव, पोटापाण्याला गेलेल्यांना सांभाळ, चूक झाली असेल तर पोटात घाल. प्रत्येक वाक्याला मागचा गाव म्हणतो, 'व्हय म्हाराजा!' महादूचा बाप गाऱ्हाणं घालायचा तेव्हा देवळाची कौलं हलतात असं म्हणायचे. महादूचा आवाज बापाहून मोठा. पण घरात भाऊ चार आणि देऊळ एक. म्हणून थोरल्याला देऊळ मिळालं आणि महादूला दुबई.

तो आला तेव्हा सोनापूर म्हणजे वाळू, कचऱ्याच्या गाड्या आणि पत्र्याच्या खोल्या. दिवसभर सळया बांधायच्या, संध्याकाळी बसमधून उतरायचं, आणि सुटीच्या दिवशी काय करायचं ते कोणालाच ठाऊक नाही. चोरून दारू यायची. पत्ते चालायचे. एका चुलीवर पाच मुलखांची माणसं. भाजी जळाली म्हणून डोकी फुटायची. महादूने गावाहून आणलेले टाळ काढले. पहिल्या दिवशी त्याच्या भजनाला तिघं होते, आणि त्यातला एक शुद्धीत नव्हता. पण आवाज आवाज असतो. पुढच्या सुटीला दार भरलं. भजन झालं की तो चार गोष्टी सांगायचा, साध्या, चुलीच्या आणि घरच्या. "तुमी हयसर पितास, आणि थय तुमचा पोर शाळेत उपाशी बसता. तेका काय सांगतलास, बापूस दमलो हा म्हणान?" माणसं मान खाली घालायची. मग तो उभा राहून गाऱ्हाणं घालायचा.

काही वर्षांत 'बुवा' म्हणून त्याचं नाव झालं. खांद्याला टाळांची पिशवी अडकवून तो सुटीच्या दिवशी शारजाच्या गॅरेजांमागच्या खोल्यांत जायचा, इन्व्हेस्टमेंट पार्कातल्या कारखान्यांच्या कॅम्पात जायचा. बसचं भाडं कधी कोणी दिलं तर दिलं. त्याच्या पायी कितीतरी जणांची दारू सुटली. कॅम्प बॉस फिरदोसभाई म्हणायचा, "बुवा, तू है तो मेरा सिक्युरिटी का खर्चा बचता है." आणि बिहारी, तेलुगू पोरं, ज्यांना मालवणीचं अक्षर कळत नव्हतं, तीही प्रत्येक वाक्याला घसा फोडून 'व्हय म्हाराजा' म्हणायची. त्यांना त्यात गंमत वाटायची. पुढे गंमतही राहिली नाही, सवय झाली. महादूने वाक्याच्या शेवटी आवाज चढवला की दोनशे तोंडं आपोआप उघडायची.

कंपनीत कामगार कल्याण समिती निघाली तेव्हा माणसांनी दुसरं नाव घेतलंच नाही. महिन्यातून एकदा महादू ऑफिसच्या काचेच्या खोलीत जाऊन बसू लागला. समोर कंपनीचे साहेब दत्तप्रसाद सर, मूळ पुण्याचे, माणूस हसतमुख. पहिल्याच मीटिंगला त्यांनी विचारलं, "बुवा, चहा की कॉफी? आणि relax बसा हो, ही तुमचीच committee आहे."

महादू रिलॅक्स बसला नाही. पाठ ताठ ठेवून बसला आणि कामं करून घेतली. साइटवर थंड पाण्याची टाकी आली. बसमध्ये माणसं चढण्याआधी एसी चालू करायचा, असा नियम झाला. चुलीच्या पाळ्या ठरल्या. रात्री फोन मोठ्याने लावायचा नाही, हेही ठरलं. ठरलेली प्रत्येक गोष्ट तो येऊन मेसमध्ये सांगायचा, आणि माणसं थट्टा करायची, "काय मंत्रीसाहेब, लाल दिव्याची गाडी खंय ठेवलास?" महादूला बाहेरून राग यायचा आणि आतून बरं वाटायचं. थोरल्या भावाच्या वाट्याला देऊळ आलं खरं, पण भावाच्या शब्दाने गावातला एक दिवासुद्धा हलला नव्हता. इथे महादूच्या शब्दाने बस थंड होत होती.

बारशाच्या आठवड्यातच तो नियम झाला.

सोमवारी माणसं कमी पडत होती. रविवारची सुटी, रविवारची दारू, आणि सोमवारी पोटात दुखतं म्हणून खोलीत पडून राहायचं. त्यांचं काम बाकीच्यांच्या अंगावर पडायचं. दत्तप्रसाद सर म्हणाले, "बुवा, मला साइटवर cooling room मंजूर करून घ्यायचीय. एसीची खोली, दुपारच्या ब्रेकला. पण management म्हणतं आधी absent कमी करा. तुम्ही काहीतरी द्या, मग मी काहीतरी मागतो."

"काय देऊ?"

"साधं आहे. नर्सने तपासून सांगितल्याशिवाय कोणी खोलीत थांबायचं नाही. नाहीतर बसमध्ये. बस्स."

कॅम्पाला सोनम नावाचा नेपाळी नर्स होता. तो सकाळी साडेपाचला यायचा, बस सहाला सुटायची. खऱ्या आजाऱ्याला अडचण नव्हती. दारूवर असा घाव महादूला हवाच होता. तो लगेच हो म्हणाला.

"पण माणसांना विचारायला लागेल हं," सर म्हणाले. "Consent लागतो. मी येतो रविवारी, तुमच्यासमोरच घेऊ."

विचारलं तर काय होईल ते महादूला माहीत होतं. दोनशे माणसं, सहा भाषा. एक म्हणेल पगार कापणार, दुसरा म्हणेल नर्स पैसे खाणार, आणि संध्याकाळपर्यंत भांडण. थंड खोली हातची जाईल. दुसरं त्याच्या डोक्यात गावचं होतं: एखादी गोष्ट गाऱ्हाण्यात घातली, म्हणजे ती देवाच्या कानावर गेली. गाव मग ती मोडत नाही. शिकार बंद, देवराईत कुऱ्हाड बंद, असे नेम त्याच्या बापाने गाऱ्हाण्यातच घातले होते.

त्या रविवारी भजन रंगलं. बारशाचे पेढे वाटले. सर मागे खुर्चीत बसले होते. महादू उभा राहिला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज तुजी लेकरा परमुलखात जी काय वेडीवाकडी सेवा करतत, ती मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण घरादारापासून लांब रवलो हा, तेच्या घरादाराची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माज्या घरात जा नवीन बाळ इला, तेका उदंड आयुष्य दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा सर्वांत मोठा झाला. नीलेश लाजला.

"आणि आजपासून नर्सान बघल्याबिगर कोण खोलीत रवाचो नाय, असो नेम आमी तुज्या पायाशी करतव, तो आमच्याकडना पाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मागून सरांनी टाळ्या वाजवल्या. "वा! Unanimous!" त्यांना वाटलं, काय सुंदर पद्धत आहे. मेसमधल्या निम्म्या माणसांना आपण काही ठरवलं हे दुसऱ्या दिवशी भिंतीवर कागद लागला तेव्हा कळलं. बीडकडचा रामेश्वर नावाचा एक सुतार, जिभेने तिखट माणूस, तेवढा महादूजवळ येऊन म्हणाला, "बुवा, देवाला होय म्हणायला लावलंत आणि अंगठा साहेबाच्या कागदावर घेतलात. ग्वाड बोलता तुम्ही."

"तुका पिवाक मिळणा नाय म्हणान दुखता," महादू म्हणाला. रामेश्वर पीत नव्हता.

उन्हाळ्याआधी थंड खोली झाली. सोमवारची हजेरी वाढली. महादूला सगळीकडून शाबासकी मिळाली.

जूनच्या मध्यापासून दुपारचं काम बंद ठेवायचा सरकारी नियम लागू झाला. दुपार गेली म्हणून कंपनीने पहाट पुढे ओढली. बस चारला सुटू लागली. सोनम मात्र साडेपाचलाच येत राहिला. त्याची वेळ बदलायला त्याला कोणी सांगितलं नाही, आणि नेम हिवाळ्यातल्या बसच्या वेळेला धरून केलेला होता, हे ध्यानात यायला आधी कोणीतरी आजारी पडायला हवं होतं.

पहिला रामेश्वरच पडला. रात्रभर जुलाब झाले, पहाटे बसपाशी आला तो भिंत धरून. "बुवा, मला नाही होत."

महादूला त्याची दशा दिसत होती. पण त्याच्यामागे दोघं तिघं सोमवारवाले डोळे लावून उभे होते. एकाला सोडला की उद्या सगळे भिंत धरून येणार. तो म्हणाला, "नर्स येवक होयो. तो नाय तर नेम असो हा, की जावचा. थय थंड खोलीत बस. मी फोरमनाक सांगतंय."

रामेश्वर गेला. मेला नाही. थंड खोलीत फोरमनने त्याला बसू दिलं नाही. ती खोली ब्रेकपुरती होती. तो दिवसभर ओणवा होऊन फळ्या ठोकत राहिला आणि संध्याकाळी बसमधून उतरताना महादूकडे नुसतं बघून गेला. त्या दिवशी महादूने सोनमच्या वेळेचं सरांना सांगायचं ठरवलं. मीटिंग महिनाअखेरीला होती. तेव्हा सांगू म्हणाला. मधेच फोन करून साहेबाला त्रास द्यायची त्याला सवय नव्हती; समितीतली गोष्ट समितीत बोलायची, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

पुढच्याच आठवड्यात नीलेशला ताप आला.

पहाटे बसच्या दिव्यात त्याचा चेहरा राखेसारखा दिसत होता. एवढ्या उकाड्यात त्याने अंगावर जॅकेट घातलं होतं.

"मामा, माका बरा वाटणा नाय. कुडकुडा येता. आज नको."

महादूने त्याच्या कपाळाला हात लावला. हात मागे घ्यावा इतकं ते तापलेलं होतं.

फिरदोसभाईने पाहिलं. तो बसच्या दारातून खाली उतरला आणि हळूच म्हणाला, "बुवा, तेरा दामाद है. जाने दे. कमरे में सुला दे. मैंने कुछ देखा नहीं."

फिरदोसभाई हळू बोलला तरी रांगेत ऐकू जायचं ते गेलंच. बसमध्ये खिडकीशी बसलेल्या रामेश्वरने काच सरकवली.

"का हो बुवा? जावयाला निराळा नियम हाय का? तसं सांगा, आम्ही पण सोयरीक जुळवतो तुमच्या घरी."

दोघंचौघं हसले. ते हसू वाईट नव्हतं, पण महादूच्या कानात ते गरम शिशासारखं उतरलं. नेम त्याने घातला होता, देवाच्या पायाशी घातला होता, स्वतःच्या नातीसाठीच्या मागण्यामागोमाग एका श्वासात घातला होता. तो मोडला तर मग त्या श्वासातलं बाकीचंही मोडेल, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. आणि शिवाय हसणारी माणसं. देवाची भीती किती आणि हसणाऱ्यांची किती, हे त्याला नंतर कितीही शोधून सांगता आलं नाही.

"चल," तो नीलेशला म्हणाला. "माज्या बाजूक बस. थय मी आसंय."

"मामा..."

"नेम आपलोच आसा रे. आपणच मोडलो तर?"

नीलेश चढला. बसमध्ये एसी चालू होता, महादूच्याच नियमाने, आणि नीलेश वाटभर त्या गार वाऱ्यात दात वाजवत महादूच्या खांद्यावर डोकं टेकून बसला. लहानपणी गावच्या जत्रेतून परत येताना तो असाच मामाच्या खांद्यावर झोपायचा.

साइटवर दोघांना वेगळ्या मजल्यांवर घातलं. नीलेशला ताप आहे हे महादूने फोरमनला सांगितलं, फोरमनने मान हलवली. ऊन चढलं. दुपारच्या ब्रेकला अजून वेळ होता तेव्हा वरून आरडाओरड ऐकू आली. महादू जिने चढून गेला तर नीलेश सळयांवर पडलेला, डोळे उघडे, आणि अंगाला घामाचा टिपूस नाही. महादूने थंड पाण्याच्या टाकीतून, जी त्याने आणवली होती त्या टाकीतून, बादल्या भरभरून त्याच्या अंगावर ओतल्या. नीलेश आजीशी बोलत होता. आजी मरून सात वर्षं झाली होती.

हॉस्पिटलात त्याला आत नेला आणि दार लागलं. केरळी नर्स बाई बाहेर येऊन हिंदीत म्हणाली, आधीचा ताप, वर ऊन लागलं, मूत्रपिंडं थांबली आहेत, मशीन लावलं आहे. "आप कौन हैं इनके?"

"मामा," महादू म्हणाला. मग म्हणाला, "ससुर."

संध्याकाळी तो तसाच, सिमेंटच्या कपड्यांत, दत्तप्रसाद सरांच्या घरी गेला. पत्ता त्याला ठाऊक होता. दिवाळीला एकदा फराळाला बोलावलं होतं. दार त्यांची मुलगी शुभ्रा हिने उघडलं. "Baba, there's some uncle," ती आत ओरडली. सर आले, त्याला पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांना बातमी कळली होती. बायको मंजुषाने पाणी आणलं, आणि बसा, बसा म्हणत सोफ्यावर टॉवेल अंथरला.

महादू बसला नाही.

"सर, तो नेम काढा. आजच्या आज."

"बुवा, मी समजू शकतो. फार वाईट झालं. मी next meeting च्या agenda ला पहिला विषय हाच घेतो. Promise."

"उद्या पहाटे बस सुटतली सर. उद्या कोण तापलेलो आसलो तर?"

"पण असं एकट्याने काढता नाही येत हो. एकमताने झालाय. मी स्वतः होतो तिथे. तुमच्या माणसांनी ओरडून होकार दिलाय."

"ती माणसा गाऱ्हाण्याक व्हय म्हणाली सर! देवाक! तुमका न्हय!"

"मग तुम्ही ते गाऱ्हाण्यात का घातलंत, बुवा?"

सरांनी हे टोचून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. आतल्या खोलीत शुभ्राचा टीव्ही चालू होता. महादूने पाण्याचा पेला न पिता टेबलावर ठेवला आणि निघाला. मंजुषा दारापर्यंत आली. "काका, थांबा, डबा देते," ती म्हणाली. तोवर लिफ्टचं दार लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बसपाशी महादू थबकला. बसच्या दाराशी खुर्ची टाकून सोनम बसला होता. गळ्यात नळी, हातात ताप मोजायचं यंत्र. रांगेतल्या प्रत्येकाच्या कपाळाला लावून बघत होता. एका बिहारी पोराला त्याने खोलीत परत पाठवलं.

"तुका कोणी बोलावल्यान?" महादूने विचारलं, मग हिंदीत विचारलं.

"फिरदोसभाई ने फोन किया रात को. बोला कल से चार बजे के पहले आना. मैं बोला ठीक है."

"बस? फोन?"

"और क्या?" सोनम म्हणाला. "पहले किसी ने बोला ही नहीं."

समिती लागली नाही, एकमत लागलं नाही, देव लागला नाही. एक फोन. रामेश्वर ओणवा होऊन आला होता त्या दिवशी संध्याकाळी हा फोन करता आला असता. महादूच्या खिशात फोन होता.

मनालीला त्याने आदल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं, की नीलेशला ताप आहे, दवाखान्यात ठेवला आहे. आता तिला कुठूनतरी बाकीचं कळलं. तिचा फोन आला तेव्हा मागे बाळ रडत होतं.

"बाबा, ताप होतो तर ते कामाक गेले कित्याक?"

महादूने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा?"

"मी धाडलंय," तो म्हणाला. "येवक तयार नव्हतो. मी बसमदी घातलंय."

पलीकडून नुसतं बाळाचं रडणं आलं. मग फोन कोणाच्या तरी हातातून दुसऱ्या हातात गेला आणि तानुबाईचा आवाज आला. ती रडत नव्हती. ती त्याच्यावर ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"आयकतास मां?" ती म्हणाली. "तुमी गाऱ्हाणा घाला. येत्या ऐतवारी, सगळ्या माणसांका घेवन. देव तुमचा आयकता. इतकी वर्सा लोकांसाठी घातलास, आता आपल्या चेडवासाठी, मनालीसाठी घाला. कळला मां?"

"कळला," महादू म्हणाला.

आठवडा तो साइटवरून हॉस्पिटल आणि हॉस्पिटलवरून कॅम्प असा फिरत राहिला. काचेतून नीलेश दिसायचा, तोंडात नळी, पोट सुजलेलं. एकदा डोळे उघडले असं महादूला वाटलं. नर्स बाई म्हणाली, नाही. रविवारी सकाळी मोठा डॉक्टर त्याला बाजूला घेऊन हिंदीत म्हणाला, लिव्हरही गेलं आहे, आता दुआ करा. महादूने त्याचे हात धरले आणि नुसते हलवत राहिला.

दुपारी मेस भरली होती. भजन झालंच नाही. टाळांची पिशवी कोणी उघडली नाही. महादू उभा राहिला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा," त्याने सुरुवात केली. "आज तुजा एक लेकरू मरणाच्या दारात पडला हा, तेका परत आण रे म्हाराजा!"

कोणी बोललं नाही.

महादूने डोळे उघडले. दोनशे माणसं त्याच्याकडे बघत होती. कोणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तोंडं उघडायला आली होती, बऱ्याच जणांची अर्धी उघडलीही होती, आणि तिथेच थांबली होती. तेलुगू पोरं एकमेकांकडे बघत होती.

"परत आण रे म्हाराजा!" तो ओरडला.

मेसचा पंखा कुरकुरत होता. मागून रामेश्वर उठला.

"बुवा," तो म्हणाला. त्याचा आवाज तिखट नव्हता. "कशाला होय म्हणायचं ते आधी सांगा. यात अजून काय हाय?"

महादूने त्याच्याकडे पाहिलं. गेल्या इतक्या वर्षांत त्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्याने कधी कोणाला विचारू दिला नव्हता.

"काय नाय रे," तो म्हणाला. "काय नाय यात. पोर वाचाक होया, एवढाच. बाकी काय नाय. तुमी म्हणतलास तर म्हणा. नाय म्हटलास तरी..." मग त्याने तेच मोडक्या हिंदीत सांगितलं, तेलुगू पोरांकडे वळून, नेपाळ्यांकडे वळून. "बच्चा बचना मंगता. बस. और कुछ नहीं है इसमें."

रामेश्वरने डोक्यावरची टोपी काढली. "मी त्या पहाटे तोंड उघडलं नसतं तर..." तो म्हणाला, आणि पुरं न करता हात जोडून म्हणाला, "होय महाराजा."

त्याचा एकट्याचा आवाज मेसभर घुमला. मग दोघंचौघं म्हणाले. मग सगळे.

महादूने डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. नीलेशचं रक्त शुद्ध कर. व्हय म्हाराजा. त्याची मूत्रपिंडं चालू कर. व्हय म्हाराजा. माझ्या पोरीचं कुंकू राख. व्हय म्हाराजा. त्याच्या सदऱ्याच्या खिशात फोन थरथरायला लागला. महादूने हात लावला नाही. गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडायचं नसतं. फोन थांबला आणि पुन्हा थरथरला.

दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा त्याने डोळे उघडले. फिरदोसभाई दारात उभा होता. त्याच्या हातात त्याचा फोन होता आणि तो आत येत नव्हता.

महादूने त्याला पाहिलं आणि तोंड फिरवलं. गाऱ्हाणं संपवलं की त्याच्याकडे बघावं लागणार होतं. म्हणून महादू संपवेना. तो मागत राहिला. गावाच्या वेशी राख. व्हय म्हाराजा. समुद्रावर गेलेल्यांना राख. व्हय म्हाराजा. सोनमला सुखी ठेव, त्या केरळी बाईला सुखी ठेव, रामेश्वरच्या घरादाराला सुखी ठेव. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. संजनाला बाप दे. माणसांनी आता दारातल्या फिरदोसभाईला पाहिलं होतं, त्यांना कळलं होतं, काहींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ती प्रत्येक वाक्याला म्हणत होती. महादूचा घसा बसला, आवाज नुसता खरखरत राहिला. झाडांना पाणी दे. गुरांना चारा दे. ज्याने चूक केली त्याला ने, नीलेशच्या बदल्यात ने, रे म्हाराजा. याला मात्र कोणी व्हय म्हटलं नाही. रामेश्वर पुढे आला आणि त्याने महादूचा हात धरला.

नीलेश सखाराम गवस, संजनाचा बाप, रविवारी अठ्ठावीस जुलै दोन हजार चोवीस रोजी दुपारी दुबईच्या हॉस्पिटलात वारला.